खोडलेलं पाणी

१

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. एकतीस वर्षं मी नगरपालिकेच्या नकाशा विभागात रेघा ओढल्या. ऑफिसात मला फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर नाही, पण पार्टिशनलाही कान असतातच. रेघ हाताने ओढलीय की यंत्राने, कुठे थांबून पुढे नेलीय, कुठे खोडलीय, हे मला हातभर लांबून कळतं. संसारात या विद्येचा काडीचा उपयोग झाला नाही. झाला तो निवृत्त झाल्यावर, आणि झाला नसता तर बरं झालं असतं असं मला अजूनही अधूनमधून वाटतं.

शहराच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ निघत होता. त्यातले जुन्या बंदराचे नकाशे मी नव्याने काढून दिले होते, म्हणून संपादकांनी छपाईआधीची पानं तपासायला पाठवली. संपादक म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. सज्जन माणूस, पण स्वल्पविरामासाठी भांडणारा. शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता मी पानं चाळत होते. नकाशे ठीक होते. समोरच्या पानावर लाँच बुडाल्याची हकिगत होती आणि तिच्या शेवटी एक ओळ: 'भरतीमापक केंद्रातील कर्मचारी त्या वेळी जागेवर नसल्याने धोक्याची घंटा वाजली नाही. सव्वीस जणांना जलसमाधी मिळाली.'

तो कर्मचारी म्हणजे माझे बाबा. ते तेव्हा पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी बसून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडत होते. वय चौऱ्याऐंशी, खुर्चीतून उठायला माणूस लागतो, पण चिमटा धरला की हात हलत नाही.

गोष्ट एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. खाडीच्या तोंडावरून पलीकडे लाँच जाते, तेव्हाही जायची. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं, आणि दुपारी चार वीसला पाणी एकाएकी फुगलं. लाँच भर खाडीत उलटली. असं पाणी बांधाच्या टोकावरच्या केंद्रात अर्धा तास आधी कळतं. कळलं की घंटा वाजवायची आणि लाँच धक्क्यालाच थांबवायची, एवढंच बाबांचं काम होतं. चौकशीत त्यांनी सांगितलं, चहा प्यायला गेलो होतो. नोकरी गेली. गावाने त्यांचं नाव कपबशी ठेवलं आणि मी, वय वर्षं सतरा, कपबशीची मुलगी झाले. आई त्यानंतर भाजीसुद्धा दुसऱ्या टोकाच्या बाजारातून आणायची.

आता यातली गंमत ऐका. बाबा चहा पीत नाहीत. दुधाचा नाही, बिनदुधाचा नाही, पाहुण्यांच्या आग्रहाखातरही नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि एक्केचाळीस वर्षं त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मी प्राध्यापकांना फोन लावला. "सर, ती ओळ चुकीची आहे."

"ताई, चौकशी अहवालात तसंच आहे."

"मग अहवाल चुकीचा आहे."

"पुरावा आणा, मी ओळ बदलतो. पण गुरुवारी दुपारी पुस्तक छपाईला जातंय."

२

बंदराच्या कार्यालयाच्या तळघरात सगळे जुने आलेख गुंडाळ्या करून ठेवलेत. तिथला रेकॉर्डवाला माझ्या ओळखीचा. नकाशांसाठी मी त्याचं डोकं वर्षभर खाल्लं होतं. शनिवारी तासाभरात त्याने त्या दिवसाची गुंडाळी काढून दिली.

केंद्रात यंत्र असतं. ड्रमवर कागद गुंडाळलेला, ड्रम घड्याळाच्या चावीवर फिरतो आणि पाणी वरखाली होईल तशी पेन्सिल रेघ काढते. कर्मचाऱ्याने दर तासाला रेघेवर खूण करून शेजारी सही करायची. त्या दिवशी दोनपर्यंत बाबांच्या सह्या होत्या. तीन, चार आणि पाचच्या जागी काही नव्हतं.

मी कागद खिडकीपाशी नेला आणि तिरका धरला. तीन, चार आणि पाचच्या जागी कागद खरवडलेला होता. कुणीतरी सह्या ब्लेडने काढून टाकल्या होत्या. चारच्या अलीकडे दहा मिनिटं खोडलेलं दिसत होतं, आणि त्यावरून जाणारी रेघ यंत्राची नव्हती. हाताची होती. सुरेख हात, पण हातच.

आणि चार वीसच्या पुढे रेघेला दात फुटले होते. बारीक बारीक, एकाला लागून एक, जिना चढावा तसे कागदाच्या वरच्या कडेपर्यंत. ते मात्र कुणी खोडले नव्हते.

मला इतका आनंद झाला की रेकॉर्डवाल्याला दुकानात नेऊन बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. बाबा तिथे होते. त्यांच्या सह्या होत्या, कुणीतरी पापी माणसाने त्या खरवडल्या.

प्राध्यापकांनी मी पाठवलेले कागदाचे फोटो पाहिले आणि फोनवर खाकरले. "हे दात विचित्र आहेत, ताई. यंत्र बिघडलेलं असेल, नाहीतर कागदच मागाहून कुणी तयार केला असेल. ते यंत्र अशी रेघ काढतं हे दाखवता येईल?"

यंत्र अजून जागेवर होतं. आता मोजमाप दुसऱ्या टोकाला, विजेवर चालतं, आणि जुनं केंद्र पुढच्या महिन्यात पाडायचं आहे. बंदरातली अभियंता तरुण मुलगी आहे, माझ्या भाचीच्या वर्गातली. तिने किल्ली दिली. "घंटा कधीच काढून नेली, मावशी. बाकी सगळं आहे. झाकणावर उभ्या राहू नका फक्त, लाकूड जुनं आहे."

३

बांधाच्या टोकाला एकच खोली. दहा पावलं लांब, आठ रुंद. एक खिडकी समुद्राकडे, दुसरी लाँचच्या धक्क्याकडे, दोन्ही काचा मिठाने पांढुरक्या. मधोमध जमिनीत लाकडी झाकण आणि झाकणाखाली दीड मीटर रुंदीची विहीर. तळाशी एक लहान भोक समुद्रात उघडतं. भोक मुद्दाम लहान, म्हणजे लाटांची उठाठेव आत येत नाही, फक्त भरती-ओहोटी येते. विहिरीत फ्लोट तरंगतो, त्याची तार कप्पीवरून पेन्सिलीपर्यंत जाते.

रविवारी सकाळी मी कागद लावला, चावी दिली. यंत्र चाळीस वर्षांची झोप मोडल्यासारखं दोनदा अडलं आणि चालू लागलं. बाहेर लाटा आपटत होत्या पण विहिरीतून काही आवाज येत नव्हता. खोलीत फक्त टिकटिक होती. मी घडीच्या खुर्चीवर बसले आणि डबा उघडला.

दहा-चाळीसला पेन्सिल नखभर वर चढली. यंत्राच्या प्रमाणात म्हणजे विहिरीत पाणी दोन बोटं चढलं. आठ-नऊ मिनिटांत ते उतरून रेघ पहिल्यासारखी झाली. बरोबर दात. मी म्हटलं, बोट गेली असेल. खिडकीतून पाहिलं तर समुद्र रिकामा. बाहेरच्या आकड्यांच्या खांबावर पाणी होतं तिथेच.

चार-दहाला पेन्सिल तेवढीच खाली गेली आणि परत वर आली.

सोमवारी दहा-चाळीसला पुन्हा चढली. आता हे मला पटेना. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. समुद्राचं कुठलंच काम रोज त्याच वेळी होत नाही. दहा-चाळीस ही माणसांची वेळ आहे.

घरी येऊन आंघोळीच्या बादलीत मी कोपरापर्यंत हात घातला. पाणी वर आलं. हात काढला, खाली गेलं. मग वहीत गणित मांडलं: विहिरीची रुंदी, पाण्याची दोन बोटं. उत्तर आलं बासष्ट लिटर. म्हणजे बासष्ट किलोचं काहीतरी रोज सकाळी पाण्यात उतरतं आणि दुपारी बाहेर निघतं. माझं स्वतःचं वजन चौसष्ट आहे.

"कसलं गणित?" बाबांनी पलीकडून विचारलं.

"टाकीचं," मी म्हटलं.

"टाकी भरलीय का?" ते म्हणाले, आणि चिमटा खाली ठेवून माझ्या वहीकडे बघू लागले.

४

मंगळवारी उजाडल्या उजाडल्या मी पुन्हा तळघरात गेले. रेकॉर्डवाल्याने कपाळाला हात लावला, पण गुंडाळ्या काढून दिल्या.

मी बाबांच्या काळातला कुठलाही एक कागद उघडला. दहा-चाळीसला रेघ सरळ. तिरका धरला. खोडलेलं, वरून हाताची रेघ. चार-दहाला तेच. दुसरा कागद, तेच. रविवार, तेच. मग मी बाबांच्या आधीच्या माणसाचे कागद काढले. त्याची सही गोलगोल, हात जड, दाबून खोडायचा. त्याच्या आधीच्याचा हात थरथरता. त्याच्याही आधीचा सावकाश, नीटनेटका. सहा माणसं, सहा हात, साठ-सत्तर वर्षं, आणि प्रत्येकाने रोज दोनदा खोडलं होतं. कुठेही शेरा नाही, तक्रार नाही, 'यंत्र तपासावे' एवढीही चिठ्ठी नाही.

"काय सापडलं?" रेकॉर्डवाल्याने विचारलं.

"रबराचा खप," मी म्हटलं. विनोद केला खरा, पण मला स्वतःला हसू आलं नाही. एक माणूस खोटं लिहील, दोन लिहितील. सहा जण एकमेकांना न विचारता एकच खोटं लिहीत नाहीत. नव्याला जुन्याने सांगितलेलं असणार, आणि सांगताना दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नसणार.

घड्याळ बघितलं. सव्वानऊ. केंद्र गाठायला अजून वेळ होता. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. पण ती ओळ माझ्या बापाबद्दल होती. मी पर्समध्ये हातातला आरसा घातला आणि निघाले.

५

खोल विहिरीत उजेड टाकायला आरसा लागतो. बॅटरीने नुसतं पाणी चमकतं. खिडकीतून ऊन येत होतं. मी झाकण उचलून भिंतीला टेकवलं, गुडघ्यांवर बसले आणि उन्हाचा कवडसा आत सोडला.

विहिरीच्या भिंतीला उतरायच्या लोखंडी पायऱ्या होत्या. पाणी पाचव्या पायरीच्या खाली. काळपट हिरवं, अगदी स्तब्ध. डाव्या बाजूला फ्लोट, तांब्याचा गोल डबा, माथ्यावर तार. मी स्वतःला समजावत होते की भोकात काहीतरी अडकत असेल, एखादा पंप असेल, कुणाचं तरी सांडपाणी वेळेवर सुटत असेल. समजावताना तोंडाने बोलत होते हे मला नंतर कळलं.

दहा-चाळीस. आवाज काही नाही. पाचवी पायरी पाण्याखाली गेली.

मी कवडसा उजवीकडे नेला. पाण्याच्या वीतभर खाली दुसरा गोल होता. फ्लोटएवढाच. मला आधी वाटलं, फ्लोटच आहे, माझी नजर चुकली. पण फ्लोटला तार होती आणि तो डावीकडेच होता. या दुसऱ्याला तार नव्हती. त्याच्या मधोमध एक रेघ होती, बारीक, पांढरी, पुढून मागे सरळ गेलेली.

तो भांग होता. नीट विंचरलेला, मधोमध पाडलेला. रेघ मला ओळखता येते.

मी आरसा फिरवून कवडसा भिंतीवर नेला. परत पाण्यावर आणायची माझी हिंमत झाली नाही. मी झाकण लोटलं आणि चार-दहा वाजेपर्यंत दाराबाहेर, बांधाच्या दगडांवर उन्हात बसून राहिले. दारातून कुणी बाहेर आलं नाही. आत जाऊन पाहिलं तर पेन्सिल आपली खाच काढून मोकळी झाली होती.

६

बुधवारी सकाळी मी बाबांसमोर खुर्ची ओढली.

"बाबा, तुम्ही चहा पीत नाही."

त्यांनी घड्याळ मिटलं. "एक्केचाळीस वर्षांनी सुचलं होय?"

"मी विहिरीत पाहिलं."

"भांग दिसला?"

"दिसला."

"मधोमध?"

"हो."

"मग तोच," ते म्हणाले. ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं.

"कोण आहे तो?"

"मला काय माहीत. माझ्या आधीच्यालाही माहीत नव्हतं. मी लागलो तेव्हा नियम होता, पाणी एकदम चढलं की घंटा. पहिले दोन महिने मी रोज वाजवली. लाँच थांबायची, लोक माझा उद्धार करायचे आणि समुद्र आपला शांत. मग साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. खिशातून रबर काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, सगळे असंच करतात."

"आणि त्या दिवशी?"

बाबा खिडकीकडे बघत बोलले. "चाराला दहा कमी होती. पेन्सिल वर गेली. त्याची निघायची वेळ चार-दहा. मला वाटलं, आज लवकर निघाला. अगं, तो निघताना पाणी खाली जातं, वर नाही. मला कळत नव्हतं का? पण हात पुढे गेला होता. सोळा वर्षं रोज दोनदा खोडलं की हात डोक्याला विचारत नाही. त्याचा दात दहा मिनिटांत उतरतो, समुद्राचा उतरत नाही. दहा मिनिटं थांबलो असतो तर लाँच सुटली नसती."

मी त्यांच्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"मग ते यायला लागले," बाबा म्हणाले. "खाली विहिरीत. एक उतरायच्या आत दुसरा. पेन्सिल कागदाबाहेर जाईपर्यंत. मी तिथेच बसलो होतो. तेव्हा मी काही खोडलं नाही."

"सह्या कुणी खरवडल्या?"

"मीच. चौकशीच्या आदल्या दिवशी." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "मी तिथे नव्हतो असंच सगळ्यांना वाटलेलं बरं होतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

त्यांनी खाडीच्या दिशेने हनुवटी हलवली. मला राग आला, इतका की समोरचं टेबल उलथून टाकावासा वाटला. आईने मान खाली घालून काढलेली वर्षं, माझं मोडलेलं लग्न, कपबशी, कपबशी. आणि रागाच्या खाली त्यांची इतकी दया आली की मला तो रागही धड करता येईना. मी त्यांना निर्दोष ठरवायला निघाले होते आणि हाताशी आलं होतं हे.

"ती ओळ आहे तशी राहू दे," मी म्हटलं. "गैरहजर म्हणूनच राहा."

"नाही. लिही."

"बाबा, लोक..."

"लोक गेले तेल लावत. गैरहजर राहून राहून कंटाळा आला मला. कागद आण." हट्ट माझ्यात कुठून आला, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'कर्मचारी जागेवर होता. त्याने पाणी चढलेले पाहिले आणि ते खोडले.' खाली त्यांनी तीन सह्या केल्या. तीनची, चारची, पाचची. हात जराही हलला नाही.

"आता त्यांना कळेल," मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

"कळू दे," बाबा म्हणाले.

७

गुरुवारी नऊ वाजता प्राध्यापकांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाव घालायचं?"

"घाला."

त्यांनी माझ्यासमोर ओळ बदलली. स्वल्पविरामाबद्दल काही बोलले नाहीत.

तिथून मी केंद्रात गेले. यंत्र थांबवून किल्ली परत द्यायची होती. दहा-चाळीसला मी यंत्रासमोर उभी होते. पेन्सिल हलली नाही. दहा-पंचेचाळीस झाले, अकरा वाजून गेले, रेघ आपली सरळ. त्या यंत्राच्या सगळ्या कागदांत पहिल्यांदा दहा-चाळीसला न खोडलेली सरळ रेघ निघाली होती. मला हसू आलं. खरं सांगितलं की असली पीडा टळते, असं काहीतरी शाळकरी माझ्या मनात आलं, आणि मी यंत्राला हात लावणार तेवढ्यात फोन वाजला.

शेजारच्या काकू होत्या. बाबांजवळ त्याच बसतात. रडत होत्या, आधी मला काही समजेना.

"मगाशी मला म्हणाले, शर्टाची वरची गुंडी लावून दे. म्हटलं, निघालात कुठे? तर म्हणाले, न्यायला आलाय, दार उघड. मी उघडलं गं, बाहेर कुणी नाही. मागे वळले तर मान खाली. हाक मारतेय, उठत नाहीत. डॉक्टर येऊन गेले." त्यांनी हुंदका गिळला. "दहा-चाळीस झाले होते."

घरी जायला हवं होतं. कुणीही गेलं असतं. पण आमच्या दारापासून केंद्राच्या दारापर्यंत बाबांना पस्तीस मिनिटं लागायची. आई त्यावर कुकर लावायची. मी झाकण नीट बसवलं, खुर्ची बाजूला केली आणि झाकणावर मांडी ठोकून बसले. लाकूड करकरलं. खाली उतरायचं तर माझ्यावरून जावं लागेल, असं मी मोठ्याने म्हटलं. चौसष्ट किलो काही कमी नसतात.

दार समोर होतं, सताड उघडं. बांध रिकामा, ऊन लख्ख. सव्वाअकराला पेन्सिल वर चढली.

हळूहळू चढली. बाबा पाण्यात नेहमी असेच उतरायचे, एकेक पायरी, दम खात. मी तशीच बसून रडले. एक्केचाळीस वर्षं ज्या खोलीचं नाव घेतलं नाही, तिथे ते कामावर परतले होते आणि मी त्यांना अडवू शकले नव्हते. मला पक्की खात्री होती की तो दात त्यांचाच आहे.

मग माझी नजर दुसऱ्या खिडकीतून धक्क्यावर गेली. अकरा-वीसची लाँच भरत होती. आणि मला आठवलं की बाबांनाही पक्की खात्री होती. दात त्यांचा असेल तर दहा मिनिटांत उतरेल. नसेल तर उतरणार नाही. लाँचकडे दहा मिनिटं नव्हती. मी उठले आणि पळत सुटले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने जितकं पळावं त्यापेक्षा जास्त पळाले.

८

लाँचवाला दोर सोडायला वाकला होता. मी फळीवर आडवी उभी राहिले.

"मावशी, चढायचं तर चढा, नाहीतर बाजूला व्हा."

"सगळ्यांना उतरव. पाणी चढतंय."

त्याने समुद्राकडे पाहिलं. तळहातासारखा सपाट. आतून लोक ओरडायला लागले. एकाला बँक गाठायची होती, एकीचं मूल रडत होतं. एक म्हातारा मान लांब करून म्हणाला, "अरे, ही तर कपबशीची पोरगी."

"हो, त्याचीच," मी म्हटलं. "ते आज सकाळी गेले आणि मी इथे उभी आहे. आता उतरा."

म्हाताऱ्याने टोपी काढली. मेलेल्या माणसाचा मान राखतात लोक, जिवंताचा नाही राखला तरी. लाँचवाल्याने मला खालपासून वरपर्यंत निरखलं, खांदे उडवले आणि दोर पुन्हा खुंटीला गुंडाळला. लोक पुटपुटत उतरू लागले. लाँचच्या अंगावर पाण्यालगत पांढरा पट्टा रंगवलेला असतो. एकेक माणूस उतरेल तसा तो पट्टा जरा जरा वर येत होता. माझी नजर तिथेच खिळली होती, सवयच ती. मूल घेतलेली बाई उतरली. बँकवाला उतरला. शेवटी तो म्हातारा उतरला आणि लाँच रिकामी झाली.

मग पट्टा आणखी जरा वर आला.

मी लाँचमध्ये पाहिलं. बाकं रिकामी होती. फळी एका टोकाला किंचित वाकली आणि सरळ झाली. पट्टा पुन्हा वर आला. फळी पुन्हा वाकली. धक्क्यावरची माणसं नकळत दोन पावलं मागे सरकली आणि मधे वाट मोकळी झाली. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. दूर खाडीच्या तोंडाशी पाण्याला एक काळी कड आली होती आणि ती आमच्याकडे येत होती.

लाँचवाल्याने दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "मावशी, अजून किती जण आहेत?"

"सव्वीस," मी म्हटलं. "आणि मग एक जण सावकाश उतरतील. त्यांना घाई करू नकोस."